पालखीसाठी ठेवलेली वाट

आमचे गाव आटगाव आणि खर्डीच्या दरम्यान महामार्गाला लागून आहे. घरे, शाळा आणि गावदेवीचे देऊळ रस्त्याच्या एका बाजूला; भाताची खाचरे, ओढा आणि स्मशान दुसऱ्या बाजूला. त्यामुळे गावातल्या माणसाला पोटासाठी रोज रस्ता ओलांडावा लागे, आणि शेवटी एकदा चौघांच्या खांद्यावरून. नव्वदच्या दशकात हा रस्ता दुपदरी होता. नाशिककडून कांद्याचे ट्रक येत, मुंबईकडून टँकर आणि एस.टी. जात. दोन गाड्यांच्या मधे बैलजोडी पार होईल इतके अंतर बहुतेक वेळा मिळे.

आई रोज ओलांडत असे. वडील गेल्यानंतर खाचरांचे सगळे तिच्याकडे होते. मी ठाण्याच्या एका दैनिकाला शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या बातम्या पाठवत होतो. शेतीत माझा हात नव्हता आणि तिला तो नकोही होता. "तू चाललास की बांध मोडतो," असे ती म्हणे.

तिचे ऐकू येणे कमी होत गेले ते याच वर्षांत. आधी डावा कान गेला, मग उजवाही मंदावला. शहापूरच्या डॉक्टरांनी कानात घालायचे यंत्र दिले. ते तिने एक दिवस वापरले आणि साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिले. "त्याच्यात माणसं नाय ऐकू येत, नुसती भांडी वाजतात," हे तिचे कारण. आम्ही तिच्या समोर उभे राहून बोलायला शिकलो. घरात एवढ्याने भागत होते. रस्त्यावर ती मान दोन्हीकडे वळवून, डोळ्यांनी काम चालवत असे.

दोन हजार सालानंतर चौपदरीकरणाची मोजणी सुरू झाली. कडेची आंब्याची झाडे चुन्याच्या पट्ट्यांनी रंगवली गेली, म्हणजे ती जाणार हे ठरले. तहसील कचेरीतून निरोप आला की संबंधित खात्याचे इंजिनिअर गावात येतील, ग्रामस्थांच्या सूचना ऐकतील आणि त्यांची नोंद घेतील. असा निरोप त्या भागात क्वचित येई. शहापूर-मुरबाडमधल्या गावांची तक्रार नेमकी उलट असायची: रस्त्याच्या खड्ड्यासाठी ग्रामपंचायतीत गेले की ते पंचायत समितीकडे बोट दाखवणार, पंचायत समिती बांधकाम खात्याकडे, आणि बांधकाम खाते पावसाकडे. मुरबाडच्या एका गावात लोकांनी खड्ड्यात भाताची रोपे लावली होती. त्याची बातमी छापून आली, खड्डा तसाच राहिला. त्यामुळे इंजिनिअर स्वतः येणार म्हटल्यावर सभेला शाळेचे पटांगण भरले. डोंगराकडच्या पाड्यावरची माणसेही उतरून आली. त्यांनाही बाजाराला आणि स्टेशनला जाताना हाच रस्ता ओलांडावा लागे.

इंजिनिअर तरुण होता आणि वागायला नम्र होता. त्याने नकाशा शाळेच्या फळ्यावर चिकटवला आणि सांगितले की देवळासमोरच्या जागी रस्त्याखालून वाट काढता येईल. माणसे, गुरे, बैलगाडी, सगळे खालून जाईल, वरून गाड्या जातील. तो त्याला सबवे म्हणाला. गावाने लगेच बोगदा म्हटले, कारण कसाऱ्याच्या पुढचे रेल्वेचे बोगदे सर्वांनी पाहिले होते.

सरपंचपद तेव्हा महिलेसाठी राखीव होते. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या होत्या, बोलत त्यांचे यजमान होते. त्यांनी विचारले, "म्हणजे पालखी पण खालनंच जाणार?"

"हो, उंची भरपूर आहे. पालखी वाकवावी लागणार नाही."

पटांगणात कुजबुज सुरू झाली. इंजिनिअरला ती कळली नाही, आणि त्याला कळावी अशी सोयही नव्हती. चैत्रात गावदेवीची पालखी देवळातून निघते, रस्ता ओलांडून ओढ्यावर जाते, देवीला तिथे आंघोळ घातली जाते आणि खाचरांच्या कडेने शीव फिरून पालखी परत येते. या वाटेवर देवीच्या डोक्यावर काही येता कामा नये. पालखी आळीत शिरली की माळ्यावरची माणसे खाली उतरतात. कपड्यांच्या दोऱ्या सोडल्या जातात. विजेच्या तारा आल्या त्या वर्षी मोठा वाद झाला होता आणि जाणत्यांनी निवाडा दिला होता की तारेवर माणूस बसत नाही, म्हणून तार चालेल. बोगद्याच्या छतावर मात्र माणसे बसलेल्या गाड्या जाणार होत्या.

आई पहिल्या रांगेत बसली होती. कुजबुज तिला ऐकू येत नव्हती, म्हणून तिने शेजारणीला हलवून विचारले. शेजारणीने तिच्या कानाशी ओरडून सांगितले. आई उठली. ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे ती मोठ्याने बोले. "देवीच्या डोक्यावरनं गाड्या नेणार? त्यात दारूच्या जाणार, कातड्याच्या जाणार, नि खालनं आमची देवी? असं कुठं असतंय काय रे बाळा?"

"आजी, हे तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे," इंजिनिअर म्हणाला.

"काय म्हणतो?"

"सुरक्षितता म्हणतो," शेजारीण ओरडली.

"देवी हाय ना सुरक्षित करायला. तिलाच खाली घाल म्हणतो, मग आमाला कोण बघणार?"

टाळ्या पडल्या. मागून पाड्यावरचा एक म्हातारा उठला. तो मोळ्या विकायला गावात येत असे आणि त्याच्या बोलण्याला हसायची सगळ्यांना सवय होती. "आमचा देव झाडाखाली र्‍हातो," तो म्हणाला. "त्याच्या डोक्यावर कावळा बसतो, कावळा काय काय करतो. देव काय बोलत नाय. आमाला बोगदा चालल."

लोक हसले. सरपंचांचे यजमान म्हणाले, "तुझ्या देवाला पालखी नाय रे, म्हणून चालतंय." म्हाताराही हसला आणि खाली बसला.

ठराव एकमताने झाला. बोगदा नको, देवळासमोर दुभाजकात फट ठेवावी, पालखी वरून जाईल. इंजिनिअरने नोंद घेतली. मी बातमी पाठवली. काही महिन्यांनी खात्याचे उत्तर आले की ग्रामस्थांची मागणी मान्य झाली आहे. या तालुक्यात लोकांनी जे मागितले तेच आणि तसेच मिळाल्याचे हे उदाहरण होते, त्यामुळे त्याचीही बातमी झाली. 'ग्रामस्थांच्या मागणीची दखल' हा मथळा कार्यालयाने दिला.

रस्ता पूर्ण व्हायला पुढे बराच काळ गेला. झाला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. घरांच्या उंबरठ्यापेक्षा तो उंच होता आणि इतका रुंद की पलीकडची माणसे चेहऱ्यावरून नव्हे, चालीवरून ओळखावी लागत. मधे सिमेंटचा दुभाजक, आणि देवळासमोर त्याला पालखी जाईल एवढी फट. कडेला पायी चालणाऱ्यासाठी काही नव्हते. डांबर संपले की खडी, खडी संपली की चर. गाड्यांचा वेग पूर्वीच्या रस्त्यावर कोणी पाहिला नव्हता असा होता.

नियमाप्रमाणे अलीकडच्या पट्ट्यावर उजवीकडे बघायचे आणि पलीकडच्या पट्ट्यावर डावीकडे. हे मी आईला अंगणात उभे करून, हाताने दाखवून शिकवले. तिला ते सोपे वाटले. "आदी दोनी बाजू बघायला लागायच्या. आता एकच," ती म्हणाली. पण पुढची फट दूर होती, त्यामुळे ढाब्यावर जाणारे टेम्पो आणि मोटरसायकली वळसा वाचवायला सर्रास उलट बाजूने येत. एका सकाळी मी दारात दाढी करत होतो. आई फटीपाशी पोचली, दुभाजकाला हात लावून थांबली, डावीकडे बघितले आणि निघाली. उजवीकडून, तिच्या पाठीमागून म्हणावे असा, एक टेम्पो उलटा येत होता. त्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. ती मान न वळवता चालत राहिली. टेम्पो तिच्या मागून निघून गेला, पदर हलला इतक्या जवळून. पलीकडे पोचल्यावर ती मागे वळली, मला उभा बघून तिने हात केला आणि खाचराकडे उतरली. टेम्पो आला होता हे तिला माहीत नव्हते. संध्याकाळी मी सांगितले तर तिचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर ती परत येईपर्यंत घरात कोणाचे काम सरळ होईना. बायको पोळी तव्यावर ठेवून दाराशी येई आणि पोळी करपे. मी लिहिताना महामार्गावर ब्रेक लागल्याचा आवाज आला की पेन थांबे. मग आवाजानंतर काय येते ते ऐकायचे. नुसता हॉर्न आला तर बरे. शिव्या आल्या तरी बरे. आवाजानंतर काहीच आले नाही तर उठून बाहेर जायचे. "तू आता जाऊ नको, मजूर बघतील," असे मी आईला म्हटले. ती म्हणाली, "मजूर बांध बघतात, पाणी कोण बघणार?" तिला रोज सोडायला जावे म्हटले तर ती पहाटे, सगळे उठण्याआधी निघू लागली. तेव्हा धुके असे. मी बोलायचे सोडून दिले.

चैत्रात पालखी निघाली. पोलिसांनी वाहने दोन्हीकडून अडवली. पार वळणापर्यंत ट्रक उभे राहिले. काही चालक उतरून, चपला काढून रस्त्यात हात जोडून उभे होते. पालखी सावकाश फटीतून गेली. आई तिच्यामागे, रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडे न बघता चालत होती. वर्षातून त्या एका दुपारी हा रस्ता ओलांडायला सोपा होता.

वैशाखात शहापूरच्या पोलीस ठाण्यातून फोन आला. तिथले एक हवालदार अपघाताच्या बातम्या मला नेहमी कळवत.

"भाऊ, लिहून घ्या. महामार्ग. कंटेनरनं उडवलं. बाई. जागीच."

"कुठे?"

"तुमच्याच गावाजवळ. देवळाच्या फटीत."

अपघाताची बातमी घेताना प्रश्नांचा एक क्रम असतो. ठिकाण, वेळ, वाहन, वय, मग नाव. तो क्रम मी मोडला नाही. मोडला असता तर पुढचा प्रश्न विचारता आला नसता. आई सकाळी गेली होती, परतायची होती.

"वय?"

"म्हातारी हाय. साठीच्या वर. लुगडं हिरवं."

या भागातल्या म्हाताऱ्या बायका निम्म्या हिरव्या लुगड्यात असतात. आई त्या दिवशी कशात गेली होती ते मला आठवेना. बायकोला विचारायला तोंड वळवले नाही.

"बरोबर काही होतं?"

"पाटी होती. करवंदांची. रस्ताभर झालीत, गाड्या तशाच जातायत त्याच्यावरनं."

आई करवंदे विकत नसे. डोंगरावरच्या बायका विकतात. मी नाव विचारले, गाव विचारले, बातमी लिहून घेतली, फोन ठेवला आणि खाली बसलो. बाई पाड्यावरची होती. सभेत उठलेल्या त्या म्हाताऱ्याची भावजय.

थोड्याच दिवसांत पुन्हा सभा भरली. या वेळी बोलावणारे कोणी खाते नव्हते, आणि इंजिनिअरही नव्हता. त्याची बदली झाली होती. लोक गतिरोधक मागत होते, दिवा मागत होते, पोलीस मागत होते. सगळे एकदम बोलत होते. पाड्यावरचा म्हातारा मागे बसला होता. तो उठला तेव्हा सवयीने कोणीतरी हसले आणि मग थांबले.

"आमाला बोगदा चालत व्हता," तो म्हणाला. "मी तवाच सांगितलं."

आई पहिल्या रांगेत होती. सगळे गप्प झालेले तिला दिसले, कारण कळले नाही. तिने शेजारणीला हलवले. "काय बोलला तो?" शेजारणीने मान खाली घातली. आईने सरपंचांच्या यजमानांकडे बघितले. ते म्हणाले, "काय नाय, मावशी." तिला ओठ दिसले असावेत. ती म्हणाली, "काय नाय कसं? सगळी गप झाली ती कशाला?"

म्हातारा स्वतः पुढे आला. तिच्या समोर, चेहरा दिसेल असा वाकून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "बाई, मी म्हणालो, आमाला बोगदा चालत व्हता. तुमाला नको व्हता."

आईने विचारले, "तुझी भावजय ना ती?"

"व्हय."

"माझ्याएवढीच व्हती." मग ती उठली नाही, बसूनच बोलली, आणि तिच्या मानाने हळू. "देवीला कोण खालनं नेतंय? देवी वरनंच जाऊ दे, तिला पोलीस असतात. आमी खालनं जाऊ. आमच्या डोक्यावरनं काय पण जाऊ दे."

यावर वाद झाला नाही. वाद होण्यासारखे काही नव्हतेही. हे पहिल्या सभेत कोणालाही सुचू शकले असते. पालखी निराळी आणि पाय निराळे, एवढेच. पण गावात जिथून देव जातो तिथूनच माणूस जातो, त्याला दुसरी वाट असू शकते हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

नवा ठराव खात्याकडे गेला. या वेळी उत्तर यायला पुढचा उन्हाळा उजाडला. आले ते असे, की काम पूर्ण झाले आहे, ग्रामस्थांच्या मूळ मागणीनुसारच फट ठेवण्यात आली आहे, आता बदल करणे शक्य नाही. मी तालुक्याच्या कचेरीत गेलो, तिथून ठाण्याला गेलो. प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला. ठाण्याच्या साहेबांनी माझी जुनी बातमी काढून दाखवली. "तुमच्याच पेपरात आहे," ते म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत.

देवळापासून थोड्या अंतरावर रस्त्याखाली ओढ्याची मोरी होती, चौकोनी, सिमेंटची. म्हशी त्यातून जात. पाड्यावरच्या लोकांनी आधी त्यातून जायला सुरुवात केली, मग गावाने. वाकून जावे लागे, आणि आत गाळ होता. एका दिवशी पाड्यावरची आणि गावची माणसे मिळून उतरली, गाळ उपसला आणि एका बाजूने चपटे दगड बसवून पाय ठेवण्याजोगी उंच पट्टी केली. आईने दगड वाहिले नाहीत, पण कुठला डुगडुगतो ते पायाने दाबून दाखवत ती दिवसभर आत होती. वरून गाड्या जाताना मोरी थरथरे. तिला तो आवाज ऐकू येत नसे, थरथर कळे. ती भिंतीला हात लावून म्हणे, "मोठी गेली."

रस्त्यांच्या बाबतीत गावाने स्वतः केलेले तेवढे एक काम. तो उन्हाळा घरात पोळ्या करपल्या नाहीत.

मग मृग लागला आणि ओढा भरला. मोरी पाण्यासाठीच होती. ती उंच करून मागितली तेव्हा ठाण्याचे साहेब मला हेच म्हणाले होते. आवणीच्या, भाताच्या लावणीच्या दिवसांत, म्हणजे खाचरांवर दिवसातून चार खेपा लागतात तेव्हाच, मोरीतून गळ्याइतके पाणी वाहत होते. आमची दगडी पट्टी त्याखाली होती की वाहून गेली होती, हे वरून सांगता येत नव्हते.

आईने दोन दिवस फटीतून ये-जा केली. पावसात गाड्यांचे दिवे उशिरा दिसत आणि रस्त्यावरचे पाणी तिच्या डोळ्यांवर उडे. तिसऱ्या दिवशी तिने घोंगडी, तवा, पातेले आणि तांदळाचा डबा बांधला. खाचराच्या कडेला राखणीची खोप होती. तिला कारवीच्या भिंतींचे नवे कूड आणि वर प्लास्टिक घातले गेले.

"पाऊस सरंपर्यंत मी पलीकडंच," ती म्हणाली. "रोज रोज मरायला नको."

"आणि जेवण?" बायकोने हाताने विचारले.

"भाकरी मी थापीन. कालवण याला घेऊन पाठव."

असे त्या वर्षी झाले, आणि पुढच्या वर्षीही. पावसाळाभर घर रस्त्याच्या दोन बाजूंना असे. दुपारी मी कालवणाचा डबा घेऊन फटीपाशी जाई. मला ऐकू येत होते, पण पावसाचा डांबरावर आणि छत्रीवर इतका आवाज असे की त्याचा फारसा उपयोग होत नसे. ती माझ्या वेळेला खोपीतून बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला खडीवर उभी राहिलेली असे, डोक्यावर इरले, मान ताठ. मी अलीकडचा पट्टा ओलांडून दुभाजकाशी थांबलो की तिचा हात वर जाई. ती रस्त्याकडे बघत असे, माझ्याकडे नाही. गाडी येत असली की हात तसाच वर. मोकळे झाले की हात खाली. आणि कधी मी तिच्याकडेच बघत राहिलो तर पावसातूनही स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्याने ती ओरडे, "माझ्याकडं काय बघतोस रे? डावीकडं बघ!"